आमच्या घरची नाव

एकत्र कुटुंबात एखादी वस्तू विकत आणावयाची म्हणजे ती केवळ दुकानदाराकडून घेऊन भागत नाही. ती घरातील प्रत्येक माणसाकडून पुन्हा एकदा घ्यावी लागते. शिवणयंत्र आणावयाचे तर ते कोणत्या खोलीत राहील, कपाट आणावयाचे तर जुने कोणाच्या वाट्यास जाईल, असे प्रश्न उठतात आणि दोनचार दिवसांत मिटतातही. कारण ह्या वस्तू कोणाच्या ना कोणाच्या घरी आपण पाहिलेल्या असतात. होडीचे तसे नाही. त्यातून आम्ही पडलो कोल्हापूरचे. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. आमचा पाण्याशी संबंध म्हणजे संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाने फिरणे, लहानपणी पाठीला सुके भोपळे बांधून पोहावयास शिकणे, आणि पंचगंगेला पूर आला की तो पाहावयास जाणे. पुराने गावे वेढली असता आमच्याकडचे शेतकरी गुळाची काहील पाण्यात सोडून तिच्यातून माणसे पार करतात, हे खरे. पण काहील ही गुऱ्हाळाची मालमत्ता, तिला कोणी होडी म्हणत नाही.

अशा घरात माझ्या पुतण्याने एके दिवशी जेवणाच्या वेळी सांगितले, "काका, मला मासेमारीची कयाक घ्यायची आहे." नोकरी लागून त्याला जेमतेम वर्ष झाले होते. निम्मी रक्कम त्याने साठविली होती. उरलेली निम्मी घरच्या सामाईक पैशातून हवी होती, आणि ती वर्षभरात हप्त्यांनी परत करण्याची त्याची तयारी होती. दादांनी आपल्या शिरस्त्याप्रमाणे "घरात विचारा" एवढेच म्हणून ताक मागितले. तेव्हा घरात विचारणे आले, आणि लवकरच ध्यानात आले की आमच्या घराला ह्या बाबतीत तीन प्रश्न आहेत. खर्चाची वही माझ्याकडे, म्हणून पैशाचा प्रश्न माझा. मुलाच्या जिवाचा प्रश्न वहिनींचा. आणि पापाचा प्रश्न आईचा.

त्यांतला माझा प्रश्न सर्वांत सोपा होता, म्हणून त्याच्यापासूनच आरंभ करतो.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची नाव. वाहून आलेल्या लाकडांचा किंवा हाडांचा सांगाडा करावयाचा, त्याच्यावर सीलचे कातडे ताणून शिवावयाचे, आणि एका माणसाने आत बसून दोन्ही टोकांस पाती असलेल्या वल्ह्याने ती हाकावयाची. शिकारीला जाण्यासाठीच ती निर्माण झाली. आजची कयाक बहुधा साच्यात घडविलेल्या प्लॅस्टिकची असते आणि तिचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, ज्यात पाय आत घालून बसावे लागते तो. दुसरा, ज्याच्या पाठीवर उघड्यावर बसावयाचे असते तो. तिसरा हवा भरून फुगविण्याचा. फुगविण्याची कयाक घडी करून माळ्यावर ठेवता येते आणि स्वस्तही पडते, म्हणून माझे मन प्रथम तिच्यावर गेले. परंतु जिथे गळ, काटे आणि चाकू वापरावयाचे, शिवाय आमच्या नदीकाठची बाभळ आणि पाण्यात बुडालेले खुंट, तिथे ती नवशिक्याला नको, असे ठरले. पाय आत घालण्याची नाव उलटली तर पाण्याने भरते आणि ती रिकामी करणे एकट्याचे काम नव्हे. वर बसावयाची कयाक आतून बंद व पोकळ असते. तिच्या तळातून आरपार गेलेल्या छिद्रांनी वर आलेले पाणी आपोआप निचरून जाते, आणि उलटली तरी ती बुडत नाही. नवशिक्या मासेमाराला हीच योग्य.

मग लांबीरुंदी. लांब आणि अरुंद नाव वेगाने जाते, आखूड आणि रुंद नाव डुलत नाही. गळ टाकून बसणाऱ्याला वेगाशी काय करावयाचे आहे? म्हणून दहा फुटांच्या आसपास लांबी आणि तीस ते चौतीस इंच रुंदी, हे माप आम्ही धरले. प्रत्येक नावेवर ती किती भार वाहील ते लिहिलेले असते. पण हा आकडा म्हणजे बुडण्याची सीमा समजून तिच्या दोनतृतीयांशावर थांबावे, असा जाणत्यांचा नियम आहे. आमच्या चिरंजिवांचे वजन पासष्ट किलो, बरोबरचे सामान पंधरा किलो धरले, तर ऐंशी झाले. तेव्हा एकशेतीस किलोची नाव पुरे. ह्या साध्या त्रैराशिकाने आमचे पुष्कळ पैसे वाचले, कारण दुकानदार दोनशे किलोचीच दाखवीत असतो.

आणखी एक गोष्ट मला हिशेब मांडताना उमगली. नाव स्वस्त चालेल, वल्हे स्वस्त चालणार नाही. नाव पाणी उचलते. वल्हे मात्र माणसाला उचलावे लागते, आणि तेही तासाभरात हजाराहून अधिक वेळा. रुंद नावेला वल्हेही लांब लागते, दोनशे तीस ते दोनशे चाळीस सेंटिमीटरचे. आखूड असले तर हात नावेच्या कडेवर घासतात. म्हणून आम्ही नाव वापरलेली घेतली आणि वल्हे नवे, हलके घेतले. जुनी नाव घेताना तळ उलटा करून पाहावा, निचऱ्याच्या छिद्रांच्या कडांना आणि बैठकीखाली चीर आहे का ते बोटाने चाचपावे, आणि आत पाणी ओतून ती उभी करून झिरपते का ते बघावे. वरवरचे ओरखडे सोडून द्यावेत. सगळा खर्च एका जुन्या दुचाकीच्या किमतीत बसला.

उरलेला साज घरीच झाला. गळाची काठी उभी ठेवण्यासाठी नळकामाच्या प्लॅस्टिक पाइपाचे दोन तुकडे, सामानासाठी भाजीवाल्याचा जाळीदार क्रेट, घाटापर्यंत नाव नेण्यासाठी लहान सायकलच्या दोन चाकांची गाडी. जी वस्तू पाण्यात पडली तर बुडेल, तिला दोरी. ही दोरी बांधण्याचे काम घरातल्या मुलांनी उत्साहाने केले. मासे शोधण्याचे यंत्र, पायांनी चालविण्याची चक्रे वगैरे पहिल्या वर्षी घ्यावयाचीच नाहीत, असे ठरले. नांगरही घेतला नाही. वाहत्या पाण्यात नांगराचा दोर नावेच्या कुशीला बांधला तर प्रवाह तिला आडवी करून उलटवितो. तो नेहमी टोकालाच बांधावा लागतो आणि कापण्यासाठी चाकू हाताशी लागतो. ही विद्या दुसऱ्या वर्षीची. आणि ठेवावयाची जागा? मागच्या पडवीत, सावलीत, कुशीवर, खाली जुन्या गादीच्या पट्ट्या घालून. ऊन हे प्लॅस्टिकचे वैरी आहे, हे सांगितल्यावर आईने आपली वाळवणाची जागा सुरक्षित राहिली म्हणून समाधान व्यक्त केले.

इथवर माझा प्रश्न संपला. आता वहिनींचा.

वहिनींचे माहेर कृष्णाकाठचे. त्यांचा धाकटा भाऊ बाराव्या वर्षी नदीत बुडाला. ह्या गोष्टीला पन्नास वर्षे होत आली. आमच्या घरी तिचा उच्चार होत नाही. नृसिंहवाडीला पाणी चढून दक्षिणद्वाराचा सोहळा होतो, तेव्हा सारे घर स्नानाला जाते. वहिनी जात नाहीत. कयाकीविषयी त्यांनी 'नको' म्हटले नाही. "त्याला यायचं कसं ते आधी दाखवा, जायचं मग बघू," एवढेच त्या म्हणाल्या.

हे वाक्य मला कोणत्याही पुस्तकातील सूचनेपेक्षा अधिक नेमके वाटते. पंचतंत्रातील तीन माशांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. संकट येण्यापूर्वीच उपाय करणारा अनागतविधाता, वेळ येताच युक्ती सुचणारा प्रत्युत्पन्नमती, आणि होईल ते होईल म्हणणारा यद्भविष्य. तरुण माणसे स्वतःस प्रत्युत्पन्नमती समजतात. पण पाण्यात उलटल्यावर युक्ती सुचावयास जो अवधी लागतो तो मिळेलच असा भरवसा नसतो. तेथे अनागतविधात्याचेच काम. आणि त्याची पहिली खूण म्हणजे अंगावरचे लाइफ जॅकेट. पाण्यातल्या माणसाचे तोंड वर राहण्यास चारपाच किलोंची उचल पुरते; जॅकेट तेवढेच करते, परंतु ते अंगात असेल तर. नावेत ठेवलेले जॅकेट म्हणजे पेटीत ठेवलेली छत्री. ते वजनाच्या मापाने घ्यावे, पट्टे आवळून खांद्यांना धरून दुसऱ्याने वर ओढून पाहावे. हनुवटीपर्यंत सरकले तर ते मोठे आहे. ही एक वस्तू मात्र आम्ही जुनी घेतली नाही, आणि तिच्या किमतीत घासाघीसही केली नाही.

ऑगस्ट २०१९ मधील महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांना जलसमाधी मिळाली, ती घटना आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. त्या नावेत तिच्या शक्तीबाहेर माणसे होती. पुरातून सुटू पाहणाऱ्या माणसांस दुसरा मार्ग नव्हता; हौसेने नाव पाण्यात घालणाऱ्याला मात्र मार्ग असतो, आणि म्हणून त्याची जबाबदारी मोठी. वर ज्या त्रैराशिकाने पैसे वाचले म्हणून मी लिहिले, त्याचा खरा उपयोग हा आहे. "मलाही एक फेरी मार" म्हणून हट्ट धरणाऱ्या भाच्याला 'नाही' म्हणण्याचे धैर्य तो आकडा देतो.

दुसरे संकट आमच्याच नावाचे आहे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे: दगडी खांबांच्या गाळ्यांत पावसाळा संपल्यावर बरगे घालून पाणी अडवावयाचे आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घ्यावयाचे. शेतीला हे वरदान; अडलेल्या पाण्याचा संथ फुगवटा नावाड्यालाही सुखाचा. पण बंधाऱ्याजवळ तेच पाणी गाळ्यांकडे ओढ घेते, आणि नदी भरून वाहू लागली म्हणजे बंधारा दिसेनासा होऊन त्याच्या खालच्या अंगाला पाणी उलटे फिरते. त्यात सापडलेली वस्तू बाहेर येत नाही. वरून पाहणाराला ते पाणी निरुपद्रवी वाटते. म्हणून बंधाऱ्यापासून दोन्ही बाजूंस लांब राहावयाचे, हा नियम झाला. तसेच राधानगरीचे धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत येते. कोल्हापुरात पाऊस नसला तरी नदी चढू शकते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेलेले आम्ही पाहिले आहे.

शेवटी 'येणे' दाखविण्याचा दिवस ठरला. फाल्गुनातील सकाळी, प्रयाग चिखलीच्या बाजूला, जिथे पाणी संथ होते आणि काठ उतरता होता, तेथे आम्ही पाचसहा जण गेलो. वहिनीही आल्या, काठापासून दूर एका दगडावर बसल्या. मुलाने जॅकेट घातले, नदीच्या मध्यावर गेला आणि आपल्या हातांनी नाव उलटवली. मग पलीकडची कड धरून ती सुलटी केली, पालथा पडून पाय मारीत वर सरकला, वळून बैठकीवर बसला. हे त्याने पाच वेळा केले. तिसऱ्या वेळी त्याचे हात घसरले आणि तो दोनदा परत पाण्यात पडला. कोणी काही बोलले नाही. पाचव्या वेळेनंतर तो काठाला आला, तेव्हा वहिनी उठून पाण्यापर्यंत आल्या होत्या. त्यांची पावले भिजली होती, हे त्यांच्या लक्षात आले असावे की नाही, मला सांगता येणार नाही. घरी गेल्यावर त्यांनी जॅकेटच्या खांद्याला एक शिट्टी लाल दोऱ्याने पक्की शिवून टाकली.

आता आईचा प्रश्न. आणि तो सुटला असे मी म्हणणार नाही.

आमच्या स्वयंपाकघरात मासा येत नाही. पुतण्याने सांगितले, "आजी, आम्ही मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडतो. मारीत नाही." आपले उत्तर निर्दोष आहे अशी त्याची समजूत होती. आई थोडा वेळ वाती वळीत राहिली आणि म्हणाली, "खायचा नाही, तर त्याला टोचायचं तरी कशाला? भोई पकडतो ते पोटासाठी. तुझं पोट भरलेलं आहे."

ह्या वाक्याला तोडीस तोड उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही. मी थोडा ग्रंथांचा आधार शोधला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला, त्यात राजांच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' सांगितला आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य, दोर कशाचा, गळ कसा टाकावा, हे सारे त्यात आहे. आमच्या कोल्हापूरचे शिलाहार हे त्याच चालुक्यांचे मांडलिक, म्हणजे हा नाद आमच्या भूमीला अगदीच परका नव्हे. परंतु आईला हे सांगताच ती म्हणाली की राजे लोक पुष्कळ गोष्टी करीत असत. उलट तिच्या बाजूला अधिक भक्कम आधार होता. शतपथ ब्राह्मणात मनूने एका लहानशा माशाला जगविले, आणि प्रलयात त्याच माशाने मनूची नाव ओढून नेली. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे म्हणून मासे राखले आहेत. लोक त्यांना खाऊ घालतात, गळ कोणी टाकीत नाही. नाव आणि मासा ह्यांचे नाते आपल्या परंपरेत पकडण्याचे कमी आणि राखण्याचेच अधिक आहे.

वाद मिटला नाही, पण त्यातून एक व्यवस्था निघाली. गळाचा मागचा काटा पकडीने दाबून सपाट करावयाचा, म्हणजे तो चटकन निघतो. मासा ओल्या हातानेच धरावयाचा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग होतो. त्याच्या एका सारस्वत मित्राच्या घरी शिजेल तेवढाच मासा ठेवावयाचा. त्यांच्याकडे नको असेल त्या दिवशी गळ घरीच राहावयाचा आणि नुसती नाव हाकावयाची. जलाशयांतील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा त्यांच्या पोटाच्या पाण्यात न विचारता शिरावयाचे नाही. अभयारण्याच्या हद्दीत तर जावयाचेच नाही. "पोट भरलेलं आहे," ह्या आईच्या वाक्याला दिलेले हे उत्तर अपुरे आहे; पण उत्तर देण्याचा प्रयत्न तरी आहे.

आणि एक अट आईने स्वतः घातली. "मृग लागला की नाव वर. कार्तिकी एकादशीपर्यंत पाण्यात जायची नाही. चातुर्मासात जीवहिंसा नको." पुतण्याचा चेहरा उतरला, वर्षातले पाच महिने गेले! मी मात्र ही अट वहीत लिहिताना थांबलो. ह्याच महिन्यांत आमच्या नद्यांतले बहुतेक मासे चढत्या पाण्यावर अंडी घालतात. ह्याच महिन्यांत पूर येतात. ह्याच महिन्यांत बरगे काढलेले असतात आणि बंधारे बुडालेले असतात. कोकणातले कोळी बांधवही नारळी पौर्णिमेपूर्वी दर्यात होडी लोटीत नसत. आईने पापाच्या बाजूने जी रेघ ओढली होती, तीच रेघ वहिनींनी जिवाच्या बाजूने ओढली असती, आणि मत्स्यशास्त्रज्ञानेही जवळजवळ तेथेच ओढली असती. तीन प्रश्नांचे एक उत्तर मिळण्याचा योग घरात क्वचित येतो.

पहिल्या मोसमात त्याला मासे फार मिळाले नाहीत. मिळाली ती एक वही. पाण्याचा रंग, वास, कोणत्या वळणावर शेवाळ, कोठे मरळ उसळली, कोठे नुसतीच चिलापी. असे तो लिहून आणतो. नदीवरच्या एका वृद्ध भोयाने त्याला डोह दाखविले आणि पूर्वी कोणत्या डोहात कोणता मासा होता ते सांगितले. ती यादी लांब आहे आणि आजची आखूड. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ दूषित पाण्याने मेलेल्या माशांचे खच पडल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षे वाचीत आलो होतो. त्या बातम्या आता आमच्या घरात मोठ्याने वाचल्या जातात, आणि आई ऐकता ऐकता विचारते, "ह्यांचं पाप कोणी मोजायचं?"

आपल्या घरीही असा एखादा अर्ज आला, तर वाचकांना माझे सांगणे एवढेच की त्याचा निकाल एकट्या कर्त्या पुरुषाने देऊ नये. ज्याला पैशाचे कळते त्याने पैशाचे विचारावे, ज्याला भय वाटते त्याने भयाचे, आणि ज्याला पाप दिसते त्याने पापाचे. प्रत्येकाचा प्रश्न नावेचा एकेक भाग घडवितो.

गेल्या वर्षी कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. पडवीतून वहिनींचा आवाज आला, नावेवरची धूळ झटकीत त्या मुलाला विचारीत होत्या, "अरे, एकादशी झाली ना? मग ही कधी काढायची?"